डावीकडचा ब्रेक

पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले आणि मुलाचा पाय आपोआप पुढे सरकला. डाव्या सीटपुढच्या पॅडलची म्हातारी स्प्रिंग किंचित कुरकुरली.

“पाय मागे,” बाबा म्हणाले. मान न वळवता.

मुलाने पाय मागे घेतला. मुलगा म्हणजे पन्नाशीकडे झुकलेला, कानशिलावर पिकलेला, एका मोठ्या कंपनीत सुरक्षा अधिकारी असलेला गृहस्थ होता. पण या गाडीच्या डाव्या सीटवर बसलं की मुलगा याखेरीज दुसरं कुठलंच पद त्याला उपलब्ध नसे. कचेरीत तो अधूनमधून आग लागल्याची तालीम घेई. भोंगा वाजला की सगळे जिन्याने खाली उतरत, आवारात चहा पीत आणि लिफ्टने वर जात. आग आजवर लागली नव्हती, त्यामुळे तालमीचा उपयोग होतो असं मानायला जागा होती.

गाडी बाबांची होती आणि बाबाच ती चालवत होते. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची ही शेवटची गाडी. शाळा बंद केली तेव्हा टपावरची पाटी उतरवली, तिची भोकं लांबी भरून बुजवली, पण डावीकडचा, मास्तरांचा ब्रेक तसाच राहिला. मेकॅनिकने विचारलं होतं, काढून टाकू का? बाबा म्हणाले, राहू दे, कुठे खायला मागतोय. त्या ब्रेकबद्दल त्यांचं एक तत्त्व होतं आणि अर्ध्या शहराने ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. मास्तराची टाच सीटला टेकलेली हवी. पॅडलवर पाय ठेवलात की शिकणारा रस्ता बघायचं सोडून तुमचा पाय बघायला लागतो. मग गाडी दोघांपैकी कोणीच चालवत नसतं.

खिशातला फोन थरथरला. ताईचा मेसेज होता. सांगितलंस का?

मुलाने फोन मांडीवर पालथा घातला. समोरचा कप्पा उघडला, आत बघितलं, बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा उघडला.

“काही हरवलंय का?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“मग राहू दे त्याला मिटलेला.”

ताईचं म्हणणं सरळ होतं. ताईचं म्हणणं नेहमीच सरळ असे, वाकडी निघत ती माणसं. दुपारी जेवायला तिच्याकडे पोचायचं. गाडी तिच्याकडेच ठेवायची. संध्याकाळी बापलेकांनी बसने परत यायचं. आणि हे बाबांना सांगायचं ते रस्त्यात. घरी आल्यावर नको, असं तिने फोनवर बजावलं होतं. घरी आल्यावर ते जेवतील, मग आडवे होतील, मग चहा होईल, मग तू म्हणशील आता उशीर झाला, आणि गाडी आली तशी परत जाईल. मी ओळखते तुला. कारणसुद्धा तिनेच शिवून तयार ठेवलं होतं. तिच्या लेकीला गाडी शिकायची आहे, आणि शिकणाऱ्याला डावीकडे ब्रेक असलेल्या गाडीहून चांगली गाडी कुठली?

खरं कारण म्हणजे बाबांचं वय आणि फाटकाचा खांब. खांबाला गाडी घासली होती. बाबांच्या मते खांब पहिल्यापासून पुढे आलेला होता, फक्त आजवर कोणी त्याच्या लक्षात आणून दिलं नव्हतं. मग एकदा चौकात हिरवा दिवा लागून मावळला तरी बाबा उभेच, मागच्यांनी हॉर्न वाजवून आकाश डोक्यावर घेतलेलं. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं होतं की हिरवा म्हणजे जा असं नसतं, हिरवा म्हणजे बघून जा. यात चूक काढणं कठीण होतं. नियम तोच होता.

गाडी गेली तर काय काय जाईल, हे मात्र मुलालाच ठाऊक होतं, कारण तो बाबांच्या शेजारच्या गल्लीत राहत होता. रोज संध्याकाळी बाबा आपल्या चार मित्रांना त्यांच्या त्यांच्या दारातून उचलत, तळ्याकाठच्या बागेत नेत आणि अंधार पडायच्या आत पुन्हा दारात सोडत. एकाचे गुडघे गेलेले, एकाचं हृदय नाजूक, एकाला आपलं घर कुठलं हे अधूनमधून विचारावं लागे. चौथा ठार बहिरा. तो पुढे बसे आणि वाटभर रस्त्याचं धावतं वर्णन करत राही. कुत्रं आलं. कुत्रं गेलं. गतिरोधक आलाय बरं का. पोरगा सायकलवर, डावीकडून. मुलगा एकदा त्यांच्याबरोबर गेला होता आणि डोकं धरून परत आला होता. बाबा म्हणाले, बोलू दे रे, त्याला त्याचं स्वतःचंही ऐकू येत नाही, तेवढीच हौस. गाडी नसेल तर हे चौघं चार खिडक्यांशी बसून राहतील, आणि पाचवे बाबा.

“पुढे रस्त्याचे काम चालू,” बाबा म्हणाले.

मुलाने मान वर केली. दूरवर एक पिवळी पाटी होती. जवळ आल्यावर तिच्यावर खरंच तसं लिहिलेलं निघालं. पाट्या मोठ्याने वाचायची बाबांची शाळेतली सवय होती. शिकणाऱ्याच्या कानात रस्ता घालावा लागतो, असं ते म्हणत.

त्यांनी भर दिवसा गाडीचे दिवे लावले आणि वेग उतरवत आणला. मागची लाल मोटार चिडून हॉर्न वाजवू लागली. थोडा वेळ तिने तो संयम पाळला आणि मग डावीकडून, खडीवरून, दगड उडवत पुढे निघून गेली.

“जाऊ दे,” बाबा म्हणाले. “त्याची तिथे कोणीतरी पानं मांडून वाट बघत असेल.”

“वेग तीस,” त्यांनी पुढे वाचलं. मुलगा तेव्हा ताईला उत्तर लिहीत होता. त्याने वर बघेपर्यंत पाटी मागे गेली होती आणि आरशात तिची नुसती पाठ दिसत होती.

“रस्ता अरुंद.”

या वेळी मुलाने बघितलं. ही पाटी एका पोत्याने गुंडाळलेली होती. वारा लागून पोत्याचं एक टोक फडफडत होतं. त्याला एकही अक्षर दिसलं नाही. बाबांना त्या फटीतून दिसलं असणार, असं त्याला वाटलं, आणि स्वतःच्या चष्म्याची काच त्याने सदऱ्याला पुसली.

“तुला सांगतो, यांचा क्रम कधी चुकत नाही,” बाबा खुशीत आले होते. आधी सांगायचं, मग हळू करायचं, मग अरुंद करायचं, मग थांबवायचं. एकदम थांबवलं तर माणूस दुखावतो. त्यांच्या शाळेत नापास झालेल्यांनाही ते याच क्रमाने सांगत, असं ते म्हणाले. एकजण तर नापास झाल्यावर पेढे घेऊन आला होता, त्याला शेवटपर्यंत कळलंच नव्हतं.

मुलाने फोन हातात घेतला आणि ताईला लिहिलं, यांची नजर माझ्याहून चांगली आहे. उत्तर लगेच आलं. नजरेचं कोण बोलतंय, मी वयाचं बोलतेय.

नारिंगी शंकूंची रांग सुरू झाली. उजवीकडचा रस्ता खणून काढलेला होता, माणूस उभा राहिला तर डोकं दिसेल न दिसेल इतका खोल. पुढे गाड्या थांबलेल्या होत्या. बाबांनी ट्रकच्या मागे, त्याची मागची चाकं पूर्ण दिसतील इतकं अंतर ठेवून गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

थांबलेल्या रस्त्यावर माणसं जे करतात ते सगळं तिथे चाललं होतं. काही जण खाली उतरून कंबर मोकळी करत होते. एक जण कोणाला तरी फोनवर सांगत होता की तो पोचलाच आहे. लाल मोटारवालाही तिथेच होता, त्यांच्या पुढे बरोबर दोन गाड्या. पलीकडून गाड्या येऊन एकामागून एक निघून जात होत्या आणि इकडचे लोक त्यांच्याकडे, त्यांनी आपलं काही पळवून नेल्यासारखे बघत होते. मुलाचा गुडघा हलत होता. तो हाताने दाबला की दुसरा हलायला लागे.

इथे सांगावं, असं त्याने ठरवलं. गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे, सुरक्षेच्या दृष्टीने याहून बरी जागा नाही. त्याने घसा साफ केला. तेवढ्यात बाबा बोलायला लागले. आईला गाडी शिकवायला घेतली तेव्हाची गोष्ट होती. ती अशाच कामाच्या रस्त्यावर रोलरच्या मागे अडकली, आणि रोलर गेला तरी त्याच्याच वेगाने घरापर्यंत आली. विचारलं तर म्हणाली, तो वेग मला आवडला. बाबा हसले. मुलगाही हसला. गोष्ट त्याने पुष्कळदा ऐकली होती. सांगायचं ते राहून गेलं.

मग पुढच्या गाड्या सुरू झाल्या. नारिंगी जाकीट घातलेला झेंडेवाला एकेकीला हात करत सोडत होता. ट्रक गेला, आणि बाबांची गाडी त्याच्यापाशी आली तशी त्याने तळवा पुढे केला. मागच्या गाड्या त्याने आधीच अडवल्या होत्या.

“काका, तुम्ही शेवटचे,” तो खिडकीशी वाकून म्हणाला आणि लाल-पांढरे पट्टे ओढलेली एक काठी त्याने आत दिली. “ही पलीकडच्याला द्यायची. मधे वळण आहे, आम्हाला एकमेकांचं दिसत नाही. काठी हातात पडेपर्यंत तो तिकडून एक गाडी सोडत नाही.”

“आणि आम्ही काठी घेऊन घरी गेलो तर?” बाबांनी विचारलं.

“मग तो म्हातारा होईल तिथेच,” झेंडेवाला म्हणाला. “तसा एक गेलाय मागे. फार बोलणी खाल्ली आम्ही.”

बाबांना हे काम मनापासून आवडलं. काठी त्यांनी मुलाच्या हातात दिली आणि बजावलं की नीट धर, पण तिथे देणार मी. गाडी चालवणाऱ्याने द्यायची असते. असा काही नियम असल्याचं मुलाने ऐकलं नव्हतं, पण त्याने काठी दोन्ही हातांनी धरली.

गाडी खणलेल्या रस्त्याच्या कडेने निघाली. डावीकडे कामगार होते, पाठ करून उभे, फावड्याने डांबर पसरत. गरम डांबराचा वास आत आला. बाबांनी वेग आणखी कमी केला. पाठमोऱ्या माणसाला डोळे नसतात, त्याचे डोळे आपण व्हायचं, असं ते पुटपुटले. हेसुद्धा शाळेतलंच. मुलाने कचेरीतल्या व्याख्यानात हे वाक्य स्वतःचं म्हणून बरीच वर्षं वापरलं होतं, आणि लोक ते लिहून घेत. शंकूंच्या आणि चाकांच्या मधे वीतभर जागा होती. ती शेवटपर्यंत वीतभरच राहिली.

आता नाही तर मग नाहीच, असं वाटून तो बोलून बसला.

“बाबा, ताईच्या पोरीला गाडी शिकायचीये.”

“शिकू दे की. मी शिकवीन.”

“ही गाडी तिथेच ठेवावी म्हणते ताई. म्हणजे, कायमची.”

ट्रक वळणावरून गेला, त्याच्यामागून तेही वळले. एक रोलर आपल्याच नादात मागेपुढे होत होता.

“आणि मी?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही माझ्याबरोबर. बसने.”

“म्हणजे ठरलंय तुमचं.”

“ठरलं असं नाही. तुम्हाला विचारून...”

“काठी घेऊन बसलायस आणि विचारून म्हणतोस.” बाबांच्या आवाजात राग नव्हता. नवशिक्याने गिअर चुकवला की ते जसे बोलत तसे ते बोलत होते. “मी आज चुकलो कुठे? घरापासून इथपर्यंत?”

मुलाने विचार केला. प्रामाणिकपणे केला, कारण चूक सापडती तर त्याचंच काम सोपं होणार होतं.

“नाही.”

“मग परीक्षा घे. मी आजवर एवढ्यांची घेतली, माझी कोणी तरी घ्यायला हवीच. ताईच्या दारापर्यंत बघ. एक चूक सापडली की किल्ली तुझी. मी तोंडातून शब्द काढणार नाही. आणि नाही सापडली, तर तुम्ही दोघांनी काढायचा नाही.”

“बरं,” मुलगा म्हणाला.

“परीक्षकाचा पाय कुठे असतो?”

मुलाने खाली बघितलं. पाय कधी पुढे गेला होता, त्याला कळलं नव्हतं. त्याने टाच सीटला टेकवली.

त्यानंतरचा रस्ता मुलाने एखाद्या परीक्षकासारखा नाही, तर पास होण्याची खात्री नसलेल्या उमेदवाराच्या बापासारखा बघितला. प्रत्येक शंकू मागे गेला की त्याचा श्वास सुटत होता. खडी आली, बाबांनी स्टिअरिंगवरची पकड सैल केली, पण सोडली नाही. टँकरमधून पाणी मारत होते, त्यांनी वायपर आधीच चालू केले. मनातल्या मनात तो ताईला उत्तरं द्यायला लागला. तूच ये आणि बघ. लोकांनी शिकायला यावं असं चालवतात. आपल्याला काही सांगायचा अधिकार नाही, आपण दोघं डाव्या हाताने फोन बघत गाडी हाणणारी माणसं. ताई या उत्तरांपुढे निरुत्तर झालेली त्याला दिसत होती, आणि यावरूनच कळत होतं की उत्तरं फक्त मनातच द्यायची आहेत.

काम संपत आलं. ट्रक मोकळा झाल्यावर धावत सुटला आणि त्याच्यामागे थोडी धूळ उठली. पलीकडची गाड्यांची रांग दिसू लागली, उन्हात चकाकणाऱ्या काचांची. रांगेच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध नारिंगी जाकीट उभं होतं आणि लाल झेंडा हलवत होतं.

“द्या ती इकडे,” बाबा म्हणाले. परीक्षा चालू झाल्यापासून ते त्याला अहोजाहो करायला लागले होते.

मुलाने काठी दिली. बाबांनी गाडी अगदी नेमकी, जाकिटाच्या हाताला लागून उभी केली, हँडब्रेक ओढला, काच पूर्ण खाली घेतली आणि काठी बाहेर धरली.

“हे घ्या. मागे कोणी नाही. आम्ही शेवटचे.”

झेंडा खाली गेला, वर आला.

“अहो, इकडे,” बाबा म्हणाले. “तुमचीच वाट बघत होतात ना?”

झेंडा पुन्हा खाली आला, आणि येताना त्याचं कापड बाबांच्या मनगटाला पुसून गेलं. मुलाने वाकून बघितलं. जाकिटाच्या आत लोखंडी नळी होती. वर, शिरस्त्राणाखाली, एक पांढरा प्लास्टिकचा डबा पालथा घातलेला होता आणि त्यावर कोणीतरी हौसेने मिशा काढलेल्या होत्या. खांद्याशी एक छोटी मोटर गुरगुरत होती. येणाऱ्या गाड्यांना लांबून दिसावं म्हणून उभं केलेलं बुजगावणं.

मुलाला हसू येऊ लागलं. बाबांना थट्टेची आवड होती. लग्नाकार्यात ते तोंडाची रेषही न हलवता माणसांची फिरकी घेत. हसू ओठापर्यंत आलं आणि त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. अनोळखी माणसाशी बोलताना भुवया थोड्या वर करून ते जे सौजन्य आणत, ते होतं. हात तसाच बाहेर होता. झेंडा येत होता, जात होता.

“घ्या ना,” बाबा म्हणाले. किंचित हळू.

रांगेतल्या पहिल्या मोटारीतली बाई बघत होती. तिच्या मागून कोणी हॉर्न वाजवला.

“काका, काका, इकडे!” खरा झेंडेवाला रस्त्याच्या कडेच्या छत्रीखालून चहाचा पेला सांभाळत आला आणि त्याने काठी घेतली. “तो काय घेणार? सकाळपासून एक घोट चहा नाही घेतलान त्याने. आमच्यातला तोच एक कामाचा.”

बाबा हसले. एक क्षण उशिरा.

“वाटलंच मला,” ते म्हणाले. “इतकी शिस्त माणसात नसते.”

झेंडेवाला खूश होऊन हसला, काठी उंच करून त्याने रांगेला दाखवली. बाबांनी हँडब्रेक सोडला, आरशात बघितलं, खांद्यावरून मागे बघितलं, पुन्हा आरशात बघितलं आणि गाडी सुरू केली. सगळं नियमानुसार.

रस्ता रुंद झाला. शंकू संपले. फोन मांडीवर थरथरला, मुलाने तो हातात घेतला आणि न बघता बंदच करून टाकला. त्याला ते पोतं आठवलं, त्याचं फडफडणारं टोक. फट केवढी होती? मग त्याला पुढच्या सीटवरचा बहिरा आठवला. कुत्रं आलं. कुत्रं गेलं. गतिरोधक आलाय बरं का. गेले वर्षभर, रोज संध्याकाळी.

“धूळ फार होती तिथे,” तो म्हणाला.

“धूळ नव्हती,” बाबा म्हणाले.

समोरून एक पाटी येत होती. मुलगा वाट बघत राहिला. बाबा वाचतील, शेवटची पाटी काय असते ते त्यांना कोणापेक्षाही जास्त पाठ होतं. पाटी मोठी होत गेली. बाबांनी ओठ मिटलेले होते.

“काम समाप्त,” मुलाने वाचलं. “सावकाश जा.”

“हं.”

सावकाश ते तसेही चालले होते. मर्यादा उठली तरी काटा तिशीवर होता. पलीकडून सुटलेल्या गाड्या आता दूर मागे होत्या, आणि इकडच्या अजून सुटायच्या होत्या, त्यामुळे रस्त्याचा हा तुकडा तेवढ्यापुरता त्या दोघांचाच होता.

मुलाने पाय पुढे सरकवला आणि पॅडलवर ठेवला. स्प्रिंग कुरकुरली. गाडीत दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे ती चांगली मोठ्याने कुरकुरली. तो थांबला. त्याने बोलणं ऐकायची तयारी केली.

बाबा काही बोलले नाहीत.

“डावीकडे सायकलवाला,” मुलगा म्हणाला.

“दिसला.”

“त्याच्या मागे अजून एक आहे. छोटा.”

बाबा जरा उजवीकडे झाले. छोट्या सायकलवरची मुलगी मागे गेली. तिने गाडीकडे बघून घंटी वाजवली.

“पुढे पेट्रोल पंप आहे,” बाबा थोड्या वेळाने म्हणाले. “मोठा आहे, आत वळायला जागा आहे. आला की सांग. तिथे बदलू.”

“बरं.”

“किल्ली जरा डावीकडे दाबून फिरवावी लागते. सांगून ठेवतो.”

“माहीत आहे मला.”

“आणि ते चौघं. त्यांना तू सांगशील का मी सांगू?”

मुलाने मान वळवली. तो खिडकीबाहेर बघत होता. सकाळपासून हे सगळं संपावं म्हणून त्याने कप्पा उघडला होता, मिटला होता, गुडघे दाबून धरले होते. आता संपत होतं, आणि तेही एक शब्द न बोलता, ताईला हवं होतं तसं. त्याने पायाखालचं पॅडल अंदाजाने थोडं दाबून बघितलं, गाडीला कळणार नाही इतकं. ब्रेक अजून चांगला होता.

रस्ता सरळ होता. पंपाची निळी पाटी त्याला लांबूनच दिसली. मग छप्पर दिसलं, मग हवा भरायला थांबलेली मोटारसायकल. समोर दूरपर्यंत रस्ता रिकामा होता.

“आला का?” बाबांनी विचारलं.

“नाही,” मुलगा म्हणाला. “वेळ आहे अजून. सरळ घ्या.”

बाबांनी सरळ घेतली. डावीकडून पंप सरकत मागे गेला आणि उघड्या काचेतून पेट्रोलचा वास गाडीत भरला.

बाबांनी काच वर केली.